काकांची हरकत

आमच्या घराला अडतीस पायऱ्या आहेत. लहानपणापासून मी त्या चढत-उतरत आले, पण त्यांचा आकडा मला खरा कळला तो बाबांना स्टेंट बसवल्यावर. दवाखान्यातून घरी सोडताना दिलेला कागद इंग्रजीत होता आणि घरात इंग्रजी कागद वाचणं हे माझं काम, म्हणून त्यातलं ते वाक्य बाबांना मीच सांगितलं. जड काही उचलायचं नाही.

"जड म्हणजे किती?" बाबांनी विचारलं.

"भरलेली गॅसची टंकी उचलायची नाही, एवढं तर नक्कीच."

"बघू," बाबा म्हणाले. बाबांचं बघू म्हणजे नाही.

इंदूरच्या मल्हारगंजमधल्या गल्लीतलं आमचं घर अरुंद आणि उंच आहे. तळमजल्यावर मोठे काका आणि मोठी काकू राहतात, सगळ्यात वर आम्ही तिघं. मधला मजला वाटणीत कुणाकडेच गेला नाही. त्याच्या दाराला दोन कुलपं आहेत, एक आमचं आणि एक त्यांचं. त्यामुळे तिथे दोघांपैकी कुणीच जाऊ शकत नाही आणि दोघांचंही समाधान होतं.

गॅसची टंकी आणणारा माणूस ती खालच्या ओट्यावर ठेवून जायचा. "ऊपर नहीं जाएगी भिया, गाड़ी खड़ी है," एवढं बोलून निघायचा. एकदा एक जण वर आणून द्यायला तयार झाला, तर बाबांनीच त्याला नको म्हटलं. कुणाचे उपकार नकोत. एकदा मी आणि आईने मिळून उचलून पाहिली. अकराव्या पायरीवर ती माझ्या हातून सुटली, भिंतीवर आपटत खाली गेली आणि काकांच्या दाराशी जाऊन आडवी पडली. काका दारातच उभे होते. त्यांनी टंकीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि दार लावून घेतलं. त्यानंतर बाबांनी आम्हाला हात लावू दिला नाही.

म्हणजे दर महिन्या-सव्वा महिन्याने हे व्हायचं. काका ओट्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत पेपर वाचत बसलेले. बाबा टंकी खांद्यावर घ्यायचे. काका पाय आत घ्यायचे, तेवढी वाट द्यायचे आणि परत पेपरात बघायचे. भरलेल्या टंकीचं वजन तीस किलोच्या आसपास असतं. मी मागून चढायचे. पडली तर मी काय करणार होते, मला माहीत नाही, पण मागून चढायचे.

हे वैर कधी सुरू झालं ते मला सांगता येणार नाही, पण गॅसपर्यंत कसं आलं ते माहीत आहे. घरी पाहुणे जेवायला होते. पुऱ्या चालू असताना टंकी संपली. आई खाली गेली. काकूने जादाची टंकी दिली, नाही असं नाही. पाहुण्यांपैकी एकाने ती वर आणली आणि त्याच्या मागोमाग काकूही आली. दारात उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आम्ही एक एक्स्ट्रा ठेवतोच हो. ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी ठेवावी लागते ना."

पाहुणे हसले. त्यांना वाटलं, घरातली थट्टा आहे. आईने पुरी तेलात सोडली आणि वळून पाहिलं नाही. बाबा पानावर बसले होते. त्यांनी त्या दिवशी पुढे काहीच खाल्लं नाही.

दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "आजपासून ह्या घरात जे जळेल ते आपलं जळेल. कुणाकडे मागायचं नाही. ना खाली, ना बाहेर."

बाहेर म्हणजे बाहेरचे देश. सरकारी दफ्तरात तीस वर्षं कारकुनी केलेला माणूस निवृत्त झाल्यावर मोबाईलवर काय काय बघतो, ते ज्यांच्या घरी असा माणूस आहे त्यांना कळेल. बाबांनी एनर्जी इंडिपेंडन्स हे दोन शब्द उचलले आणि चहाबरोबर, जेवणाबरोबर आम्हाला ऐकवायला सुरुवात केली. तेल आपण बाहेरून आणतो. तेल आणणारा देश म्हणजे टंकी मागायला खाली जाणारी बाई. त्याने मान वर करू नये. गॅसही बराचसा बाहेरून येतो, असं मी एकदाच म्हटलं. बाबा म्हणाले, "इंदूरचा नाही." आमच्या शहरात ओल्या कचऱ्यापासून गॅस तयार होतो, त्यावर सिटी बस चालतात, हे खरंच आहे. बाबांच्या डोक्यात मात्र आमच्याच घरची सालं आमच्याच गाडीत परत येत होती. ओल्या कचऱ्याच्या डब्यात चुकून दुधाची पिशवी गेली तर ते आईवर ओरडायचे. "हा कचरा नाहीये! हा फ्यूल आहे, फ्यूल!"

सगळ्यात आधी पाळी गाडीची. आमच्या जुन्या गाडीला एका वर्कशॉपमध्ये सीएनजी किट बसवून घेतलं. डिकीत लांबलचक सिलिंडर आला आणि डिकी गेली. आता भाजीची पिशवीसुद्धा मांडीवर घ्यावी लागते. डॅशबोर्डवर एक छोटं बटण आणि हिरवे दिवे आले. गाडी पेट्रोलवर सुरू होऊन थोड्या वेळाने गॅसवर जाते तेव्हा टिक असा आवाज येतो. तो आला की बाबा म्हणायचे, "आता आपण स्वतंत्र." दर वेळी म्हणायचे. विजय नगरला माझ्या ऑफिसपर्यंत मला सोडताना हे ऐकायचं आणि काही बोलायचं नाही, असा माझा नियम होता.

काकांनी पहिल्याच दिवशी ओट्यावरून विचारलं, "काय भिया, केळ्याच्या सालीवर किती ॲव्हरेज देते?"

बाबा म्हणाले, "दादा, तुमच्या पेट्रोलपेक्षा बरं."

"अरे, मग डोक्यालाही किट बसवून घे. तिथेही गॅसच आहे."

गल्लीतले दोन दुकानदार हसले. बाबांनी गाडी पुसायला घेतली. पुसलेलीच होती.

पंपावरच्या रांगा मला नकोशा व्हायच्या. सीएनजी भरताना गाडीतल्या सगळ्यांना उतरावं लागतं. उतरायचं, बाजूला उभं राहायचं, ओढणी सांभाळायची आणि कुणाच्या नजरेला नजर द्यायची नाही. बाबा मात्र उतरले की मागच्या गाडीवाल्याला पकडायचे. तेल, डॉलर, सालं, स्वातंत्र्य. एकदा एक रिक्षावाला सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "अंकलजी, आत्मनिर्भर तो ठीक है, पर गाड़ी तो आगे लो. लाइन आप ही से अटकी है." मी हसले. बाबांनी ते पाहिलं आणि घरी येईपर्यंत बोलले नाहीत.

मग आमच्या गल्लीत पाइपलाइन आली. रस्ता खणला, दोन आठवडे सगळीकडे माती, आणि एक दिवस प्रत्येक दाराशी पिवळा पाइप वर डोकावला. बाबा रोज खाली जाऊन कामावरच्या लोकांना चहा पाजायचे. मीसुद्धा खूश होते. ते देशासाठी खूश होते, मी पायऱ्यांसाठी. स्वयंपाकघरात नळासारखा गॅस आला की टंकी बंद. मला तेवढंच हवं होतं. बाकी जगाने तेलावर चालावं की सालीवर, माझं काही म्हणणं नव्हतं.

काकांचं कनेक्शन आधी झालं, कारण ते तळमजल्यावर. त्यांची टंकी त्यांनी नियमाप्रमाणे परत केली. काकूने गल्लीत पेढे वाटले, आमच्या जिन्यापर्यंत आली आणि वळली.

आमच्याकडे पाइप यायचा तर तो काकांच्या बाहेरच्या भिंतीवरूनच वर येणार होता. दुसरी बाजूच नाही. घर तिन्ही बाजूंनी चिकटलेलं आहे. कंपनीचा सुपरवायझर म्हणाला, "नीचेवालों की एनओसी लगेगी, बस एक साइन." बाबा ती कोरी ना-हरकत घेऊन खाली गेले. दोन वर्षांत प्रथमच त्यांनी तो दरवाजा वाजवला असेल. मी जिन्यात उभी होते.

"दादा, इथे सही हवी होती."

काकांनी चष्मा लावला, सगळा कागद वाचला, चष्मा काढला. "माझी हरकत आहे."

"कशाबद्दल?"

"माझ्या भिंतीला ड्रिल लागणार नाही."

"तुमच्या पाइपासाठी लागलंच की."

"ते माझ्यासाठी. तू स्वतंत्र आहेस ना? मग माझी भिंत कशाला हवी? आणि टंकीचा धूर सोडणाऱ्या लोकांच्या भिंतीवरून तुझा गॅस कसा जाईल?"

तेव्हा मला कळलं. एका लग्नात जेवताना बाबा बोलून गेले होते की खालच्यांनी एकदा टंकी काय दिली, तेव्हापासून तिच्याच बढाईचा धूर सोडतायत. ते खाली पोचलं होतं. आमच्याकडे एवढ्या लांबचं सगळं पोचतं, फक्त अडतीस पायऱ्यांवरचं पोचत नाही.

त्या आठवड्यात घरात एकच वाक्य होतं. काकांची हरकत आहे. आई कणीक मळताना म्हणायची, बाबा फोनवर म्हणायचे, मी ऑफिसात बसून मनात म्हणायचे. काकांची हरकत आहे.

शुक्रवारी टंकी आली. मी नेहमीप्रमाणे मागून चढत होते. मधल्या मजल्यावर, त्या दोन कुलपांच्या दारासमोर, बाबांनी टंकी खाली ठेवली आणि पायरीवर बसले. बसले म्हणण्यापेक्षा त्यांचे गुडघे वाकले. ओठ पांढरे पडले होते. मी पाणी आणायला वर धावले, परत आले, तर ते तसेच. एक हात टंकीवर, एक छातीवर. जिन्याच्या कठड्यावरून मी खाली पाहिलं. काका खुर्चीतून वर बघत होते. आमची नजरानजर झाली. त्यांनी पेपरचं पान उलटलं.

पानाचा आवाज एवढ्या उंचीवरून ऐकू येत नाही. मला आला.

सोमवारी अर्धी रजा टाकून मी गॅस कंपनीच्या ऑफिसात गेले. बाबांनीच पाठवलं. "तुला इंग्रजी येतं, तुझं ऐकतील." माझं कुणी ऐकत नाही, कारण मी बोलतच नाही; पण हे त्यांना सांगायलाही बोलावं लागलं असतं. इंग्रजी मला लिहिताना येतं. काउंटरवर समोरचा माणूस हिंदीत विचारतो तेव्हा मला कुठलीच भाषा येत नाही. मराठी घरातली, हिंदी रस्त्यावरची, इंग्रजी शाळेतली. मधल्या मधे मी.

काउंटरवरच्या माणसाने फाइल काढली. "मैडम, आपका तो अप्रूव्ड है. काम क्यों रुका है?"

मी सगळी वाक्यं रस्त्यात पाठ करून आले होते. त्यातलं एकही आठवेना. तोंडून निघालं ते आठवडाभर घरात फिरत असलेलं वाक्य, फक्त हिंदी चालीत.

"काका की हरकत है."

त्याने पेन उचललं. "हरकत? कैसी हरकत?"

"वो... पाइप को लेकर."

"अच्छा. पहले भी की है?"

इथे मला थांबायला हवं होतं. मराठीत हरकत म्हणजे विरोध. हिंदीत हरकत म्हणजे कुणीतरी केलेला चावटपणा, खोडसाळपणा, पोलिसात सांगावं असं काही. मी इंदूरमध्ये जन्मले, दिवसभर हिंदी बोलते, मला हे माहीत आहे. पहिल्या वेळी माझी जीभ घसरली, ते खरं आहे. पण 'पहले भी की है' हे त्याने विचारलं तेव्हा मला कळलं होतं, त्याच्या डोक्यात काय चाललंय. काका पाइपशी काहीतरी उलटसुलट करतात. दोन शब्दांत दुरुस्त करता आलं असतं. ऑब्जेक्शन आहे, म्हणायचं होतं. इंग्रजी तर मला येतं.

माझ्या कानात पान उलटलं.

"हाँ," मी म्हटलं. "हमेशा करते हैं."

त्याने लिहून घेतलं, बराच वेळ लिहिलं. मग कागद माझ्याकडे फिरवला. "साइन कर दीजिए." मी वाचला नाही. वाचला नाही म्हणजे वाचायचा नाही असं ठरवलं. सही केली आणि शहाण्या मुलीसारखी थँक्यू म्हणून बाहेर आले.

बुधवारी सकाळी मी ऑफिसला निघायच्या तयारीत होते, तेव्हा खाली कंपनीची गाडी थांबली. जॅकेट घातलेले दोघं उतरले. एकाच्या हातात गळती तपासायचं यंत्र होतं. काकांना त्यांनी अदबीने सांगितलं की लाइनशी छेडछाडीची लेखी शिकायत आहे, सेफ्टीचा मामला आहे, तपासणी होऊन रिपोर्ट येईपर्यंत सप्लाय बंद राहील. त्यांनी व्हॉल्व्ह बंद केला आणि त्याला सील लावलं. गल्ली गोळा झाली. मी वरच्या गॅलरीत होते, कपडे वाळत घालायच्या दोरीमागे.

"किसने की शिकायत?" काकांचा आवाज चिरला होता. "नाम बताओ!"

त्या माणसाने नाव सांगितलं नाही, पण हातातला कागद उघडा होता आणि काकांचा चष्मा डोळ्यांवर होता. त्यांनी मान वर केली.

"वा गं वा! कॉन्व्हेंटमध्ये हेच शिकवतात? समोर तोंड उघडत नाही आणि मागून कागद टाकते! ये खाली, सांग सगळ्यांसमोर, कोणती हरकत केली मी?"

मी आत गेले. पण एक गोष्ट लिहून ठेवते, मला वाईट वाटत नव्हतं.

खालून काकूचा आवाज येत राहिला. कुकर अर्धाच झाला, डाळ कच्ची, आता मी काय करू, टंकीही परत केली. आईने ते ऐकलं आणि आमच्या गॅसवरची आच कमी केली, जणू काही जास्त जळणं बरं दिसलं नसतं. "डाळ इथे चढवून देते खाली," ती म्हणाली.

"एक वाटी खाली जाणार नाही," बाबा म्हणाले. आणि माझ्याकडे बघून, मी आजवर कधी न पाहिलेल्या कौतुकाने, "शाब्बास! मला वाटायचं, तुला काही जमणार नाही."

"बाबा, चूक झाली. मी ऑब्जेक्शन म्हणत होते. त्यांनी दुसरा अर्थ घेतला."

"चूक कसली? बरोबर अर्थ घेतला त्यांनी. हरकतच आहे ती."

त्या दिवशी मी ऑफिसला गेलेच नाही. दुपारी बाबा झोपल्यावर आईने विचारलं, "तुला तिथे कळलं नव्हतं?"

"कळलं होतं."

ती स्वयंपाकघरातल्या ओट्यावरचा तोच डाग पुसत राहिली. "ह्यांना सांगू नकोस," म्हणाली. "आणि आता मागे हटू नकोस. पाइप येऊ दे एकदा."

मला आईकडून हे अपेक्षित नव्हतं. पण शुक्रवारी बाबांच्या ओठांचा रंग तिनेही पाहिला होता.

बाबांनी निरोप पाठवला गल्लीतल्या किराणावाल्याबरोबर, कारण दोन भाऊ एकमेकांशी बोलणार नव्हते. सही द्या, शिकायत परत घेतो. किराणावाला उत्तर घेऊन आला. "बोल रहे हैं, ब्लैकमेल है." बाबा म्हणाले, "बोलो, हाँ है." तो बिचारा तीन वेळा वर-खाली करून दमला आणि म्हणाला, "आप दोनों फोन क्यों नहीं करते? मेरी दुकान खुली पड़ी है."

काकूने एक दिवस विजेच्या शेगडीवर काढला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जिन्यात पावलं वाजली. हळू, एकेक पायरी थांबून. काकांचे गुडघे गेलेले आहेत. आमच्या मजल्यावर ते माझ्या आठवणीत तरी आले नव्हते. दारात येऊन त्यांनी चौकट धरली. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता. आईने पाण्याचा पेला पुढे केला.

"नको. इथलं काही नको. कागद दे."

बाबांनी कागद दिला. टेबल देऊ केलं नाही. काकांनी कागद आमच्या भिंतीवर धरून सही केली. पेन नीट उमटेना, म्हणून दोनदा गिरवली. मग कागद बाबांना न देता हातात धरून ठेवला आणि माझ्याकडे वळले.

"सही झाली. आता एकदा तोंडाने सांग. मी काय केलं होतं? पाइपला हात लावला? मीटर फोडलं? काय हरकत केली मी?"

मी खाली बघत होते. तेवढ्यात दाराच्या आतल्या कोपऱ्यात, त्या शुक्रवारी मी आणि आईने एकेक पायरी करत वर आणलेली टंकी मला दिसली आणि मी बोलले. आवाज माझा मलाच ओळखू आला नाही.

"शुक्रवारी बाबा जिन्यात बसले होते. तुम्ही वर पाहिलंत. आणि पान उलटलंत."

मला वाटलं, आता काका शरमतील. लाजतील, खाली बघतील, काहीतरी. पण त्यांनी बाबांकडे पाहिलं.

"त्याने मला हाक मारली? एकदा तरी? दादा, हात लावा म्हणाला?"

"नाही म्हणणार," बाबा म्हणाले.

"ऐकलंस?" काका मला म्हणाले. "हा मेला असता पण म्हणाला नसता. आणि मी उठलो असतो तर म्हणाला असता, उपकार नकोत. टंकी वर घेऊन आलो तरी मी वाईट, बसलो तरी मी वाईट. तू शिकलेली आहेस, मला सांग, मी उठायचं होतं की बसायचं?"

"उठायचं होतं," मी म्हटलं.

"आणि तो नको म्हणाला असता तर?"

"तरी उठायचं होतं."

त्यांनी कागद टंकीवर ठेवला, कुणाच्याही हातात दिला नाही, आणि उतरायला लागले. उतरताना गुडघ्यांना जास्त त्रास होतो. मला त्यांचा प्रत्येक थांबा ऐकू येत होता. मी मागून गेले नाही. बाबाही गेले नाहीत. मला ते तेव्हाच खटकलं. नुकतंच मी दुसऱ्याला जे शिकवलं होतं, ते मला स्वतःला आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा त्या काउंटरवर होते. ह्या वेळी अर्ज इंग्रजीत टाइप करून नेला होता. गैरसमजातून तक्रार झाली, कोणतीही छेडछाड झालेली नाही, तपासणीची गरज नाही. त्या माणसाने वाचला आणि हसला. "समझौता हो गया?"

"नहीं. साइन हो गई."

त्याने शिक्का मारला. त्याच संध्याकाळी काकांचं सील निघालं.

पुढच्या आठवड्यात आमचा पाइप आला. काकांच्या भिंतीवर ड्रिल चालू असताना त्यांनी खिडकी लावून घेतली होती, काकूने वरून चादर टाकली होती. कामगारांना आमच्याकडून चहा गेला. स्वयंपाकघरात बर्नर पेटला, निळा, एकसारखा, आणि बाबांचे डोळे भरून आले. "आता आपण कुणाचे मिंधे नाही," ते म्हणाले. आईने लगेच चहा ठेवला. टंकी एजन्सीवाले घेऊन गेले. ह्या वेळी बाबांनी तिला हातही लावला नाही, कारण मी दारातच उभी होते. त्यानंतर त्यांनी कधी काही उचललेलं नाही. तपासणीत डॉक्टर म्हणाले, ठीक आहे. मला जे हवं होतं ते झालं आहे, आणि कसं झालं ह्याबद्दल मी कुणाचीही माफी मागितलेली नाही. काकू जिन्यात भेटली तर भिंतीकडे तोंड करते. काका मला आता 'शिकायत मॅडम' म्हणतात, माझ्यासमोर नाही, पण मला ऐकू जाईल इतक्या अंतरावर.

एक गोष्ट मी बाबांना सांगितलेली नाही. वर येणाऱ्या पाइपाचा बंद करायचा व्हॉल्व्ह खाली बसवला आहे, काकांच्या खिडकीशेजारी, खुर्चीतून हात लांब केला की पोचेल असा. पाइप बसवणाऱ्याने मला दाखवला होता. आणीबाणीत इथून बंद करायचा, म्हणाला. चावी नाही, कुलूप नाही, नुसता दांडा आडवा करायचा. बाबांचं सगळं स्वातंत्र्य त्या दांड्यावर आहे आणि दांडा त्यांच्या भावाच्या हाताशी आहे.

सकाळी उठले की मी आईच्या आधी स्वयंपाकघरात जाते आणि बर्नर पेटवून बघते. अजून एकदाही तो पेटला नाही असं झालेलं नाही. काकांना व्हॉल्व्ह माहीत आहे, ते मला माहीत आहे. मला माहीत आहे, हे त्यांनाही माहीत आहे. ऑफिसला जाताना मी त्यांच्यासमोरून जाते आणि दांड्याकडे बघते. ते माझ्याकडे बघतात. ज्या दिवशी तो दांडा आडवा दिसेल, त्या दिवशी मी परत त्या काउंटरवर जाईन. तेव्हा मी कागद नीट वाचून सही करीन.